लिव्हर बायोप्सीत एआयएच की पीबीसी: तुकडा लहान, मग कोणते स्टेन आणि कोणत्या क्रमाने?

चिकोडी_स्लाइड (प्रश्न)

नमस्कार मंडळी. एका लिव्हर बायोप्सीवर मत हवे आहे: एआयएच (ऑटोइम्यून हिपॅटायटिस, प्रतिकारशक्ती लिव्हर सेलवर उलटते) की पीबीसी (प्रायमरी बिलियरी कोलँजायटिस, ती लहान पित्तनलिकांवर उलटते)? रुग्ण स्त्री, वय ४८, सात महिन्यांपासून थकवा आणि अंगाला खाज. बिलिरुबिन १.६, एएलटी (लिव्हर सेलच्या इजेचे एन्झाइम) २१२ (वरची मर्यादा ४०), अल्कलाइन फॉस्फटेज (पित्त तुंबले की वाढणारे एन्झाइम) ३८८ (मर्यादा १२०), रक्तातले आयजीजी (अँटिबॉडीचा एक प्रकार) १९८० (मर्यादा १६००). बी आणि सी कावीळ निगेटिव्ह. सोनोग्राफीत मोठ्या पित्तनलिका सरळ, कुठे फुगवटा नाही. बाहेरच्या रिपोर्टमध्ये एवढेच लिहिले आहे: "एएनए १:१६० पॉझिटिव्ह, एएमए वीक पॉझिटिव्ह". एसएमए केलेले नाही. (तिन्ही ऑटोअँटिबॉडी: एएनए केंद्रकाविरुद्ध, एएमए मायटोकाँड्रियाविरुद्ध, एसएमए स्मूथ मसलविरुद्ध.)

तुकडा १.४ सेंमी, पोर्टल ट्रॅक्ट (शीर, आर्टरी आणि पित्तनलिका एकत्र असलेले पट्टे) नऊ. एच-ईवर (नेहमीचा हिमॅटॉक्सिलिन-इओसिन स्टेन) मध्यम इंटरफेस हिपॅटायटिस (ट्रॅक्टच्या कडेचे लिव्हर सेल खाल्ले जाणे) आणि भरपूर प्लाझ्मा सेल (अँटिबॉडी बनवणारे). दोन नलिकांच्या अस्तरात लिम्फोसाइट घुसलेले दिसतात. एका ट्रॅक्टमध्ये ग्रॅन्युलोमासारखा, म्हणजे दाहाच्या पेशींच्या गाठीसारखा, पुंजका आहे, पण खात्री देता येत नाही.

माझे प्रश्न असे. एक, ब्लॉकमध्ये माल थोडा उरला आहे, तर कोणते स्टेन आधी करावेत? दोन, प्लाझ्मा सेलसाठी सीडी१३८ (अँटिबॉडीचा इम्युनोस्टेन) लावून घेतला तर सगळे लिव्हरच तपकिरी झाले. चूक कुठे झाली? तीन, कॉपर (तांबे) दाखवणारे रोडॅनिन स्टेन आमच्याकडेच करायचे आहे, खात्रीची कृती कोणी देईल का? चार, ऊतीतल्या आयजीजीवाल्या आणि आयजीएमवाल्या प्लाझ्मा सेलच्या प्रमाणावरून दोन्ही आजार वेगळे काढता येतात असे वाचले. त्यावर कितपत विसंबावे?

---

टिळकवाडी_पॅथ

मॅडम, आधी ब्लॉक वाचवा, मग स्टेनचे बघू. अशा केसमध्ये सगळ्यात जास्त माल मायक्रोटोमवर वाया जातो. प्रत्येक नव्या स्टेनसाठी ब्लॉक पुन्हा लावला की तो पुन्हा समतल करावा लागतो आणि त्यात दहा-वीस सेक्शन सहज जातात. सोळा गेजच्या सुईचा तुकडा एवढा बारीक असतो की तिसऱ्या खेपेला पोर्टल ट्रॅक्ट शिल्लकच राहत नाहीत. म्हणून एकाच बैठकीत ३ मायक्रॉनचे सलग १४ सेक्शन घ्या आणि प्रत्येक स्लाइडवर क्रमांक घाला. पहिली, सातवी आणि चौदावी एच-ईला द्या. बाकीच्या सगळ्या चार्ज्ड (ऊत घट्ट धरणाऱ्या) स्लाइडवर उचला आणि न रंगवता ठेवा. त्याच बैठकीत कॉपरसाठी दोन सेक्शन ५ मायक्रॉनचे घ्या. पातळ सेक्शनमध्ये विरळ कण हुकतात.

आता क्रम. या केसमध्ये प्लाझ्मा सेल आहेत हे एच-ईनेच सांगितले आहे, तेव्हा त्यांच्यामागे लागायची घाई नाही. खरा प्रश्न पित्तनलिकांचा आहे: त्या आहेत, आजारी आहेत की गेल्या? त्याचे उत्तर सीके७ (नलिकांचे अस्तर रंगवणारा इम्युनोस्टेन) देतो. म्हणून पहिला सीके७, दुसरा रोडॅनिन किंवा ऑर्सिन, तिसरा रेटिक्युलिन (लिव्हरच्या बारीक जाळ्यासाठी), चौथा ट्रायक्रोम (फायब्रोसिससाठी), पाचवा डायस्टेजसह पीएएस स्टेन. आयजीजी, आयजीएम, एमयूएम१ हे प्लाझ्मा सेलचे स्टेन त्यानंतर. ग्रॅन्युलोमाची शंका आहे म्हणून एक सेक्शन झील-नील्सनला (टीबीचे जंतू दाखवणारा स्टेन) राखून ठेवाच. आपल्या भागात ग्रॅन्युलोमा दिसला की टीबी नाकारल्याशिवाय पुढे जायचे नाही. पीबीसीचा ग्रॅन्युलोमा लहान आणि सैल असतो, जखमी नलिकेला बिलगून बसतो आणि त्यात नेक्रोसिस नसतो. नलिकेपासून लांब लोब्यूलमध्ये बसलेला किंवा मध्यभागी नेक्रोसिस झालेला असेल तर विचार बदलावा लागतो.

सीके७ वाचताना दोन वेगवेगळ्या गोष्टी बघायच्या असतात आणि बहुतेक जण एकच बघतात. पहिली नलिकांची मोजणी. ज्या ट्रॅक्टमध्ये हिपॅटिक आर्टरीची फांदी दिसते तिथेच तिची जोडीदार नलिका शोधा. खरी इंटरलोब्युलर नलिका आर्टरीजवळ असते, जाडीला साधारण तेवढीच असते आणि तिला मोकळे छिद्र असते. ट्रॅक्टच्या काठावर, लिव्हर सेलच्या हद्दीवर ज्या वेड्यावाकड्या बिनछिद्राच्या सीके७ पॉझिटिव्ह दोऱ्या दिसतात, ती डक्ट्युलर रिअॅक्शन. तिला नलिका म्हणून मोजले की हिशेब चुकला. जोरदार एआयएचमध्येही डक्ट्युलर रिअॅक्शन येते, पण तिथे आतली खरी नलिका जागेवर असते. निरोगी लिव्हरमध्येही एखाद्या ट्रॅक्टच्या कापात नलिका सापडत नाही, म्हणून एक-दोन रिकाम्या ट्रॅक्टवरून काही ठरवू नका. अर्ध्याहून जास्त ट्रॅक्टमध्ये नलिका नसेल तर डक्टोपेनिया म्हणायचे, आणि त्यासाठी किमान दहा ट्रॅक्ट हाताशी असावेत. तुमच्याकडे नऊ आहेत. म्हणून रिपोर्टमध्ये नुसता शब्द लिहू नका, "नऊपैकी इतक्यांत" असा आकडाच लिहा.

दुसरी गोष्ट म्हणजे ट्रॅक्टलगतचे लिव्हर सेल. एरवी ते सीके७ निगेटिव्ह असतात. पित्त दीर्घकाळ तुंबले की त्यातले काही फिकट पण स्पष्ट पॉझिटिव्ह होतात. हे मधले सेल पोर्टल ट्रॅक्टच्या कडेने, एकेकटे किंवा छोट्या गटात दिसले तर पीबीसी किंवा पीएससी (प्रायमरी स्क्लेरोझिंग कोलँजायटिस, नलिका आवळत जाणारा आजार) यांच्याकडे तराजू झुकतो. सीके१९ इथे उपयोगी नाही, कारण तो नलिका आणि डक्ट्युलर सेल रंगवतो पण हे मधले सेल बहुधा सोडून देतो. दोन्ही परवडत नसतील तर सीके७च घ्या.

आणि एएनएचा पॅटर्न विचारून घ्या. नुसता "१:१६०" हा अर्धवट रिपोर्ट आहे. होमोजीनियस पॅटर्न एआयएचला साजेसा. केंद्रकात विखुरलेले ठिपके (एसपी१००) किंवा केंद्रकाच्या कडेची रेघ (जीपी२१०) असेल तर तो पीबीसीचा एएनए आहे, एआयएचचा नाही.

---

हिस्टो_टेक_निपाणी

तिसऱ्या प्रश्नाचे मी सांगतो.

रोडॅनिनचे स्टॉक: ५-पॅरा-डायमिथाइलअमिनोबेंझिलिडीन रोडॅनिन ०.०५ ग्रॅम, अॅब्सोल्यूट अल्कोहोल २५ मिली. हे पूर्ण विरघळत नाही, तळाशी गाळ राहतोच. म्हणून वापरण्याआधी बाटली जोरात हलवायची. वरचे निवळ घेतले तर स्टेन फिका येतो. बऱ्याच ठिकाणी रोडॅनिन "लागत नाही" त्याचे कारण हेच. वर्किंग: हलवलेले स्टॉक ५ मिली आणि २ टक्के सोडियम अॅसिटेट ट्रायहायड्रेट ४५ मिली, दरवेळी ताजे.

सेक्शन डीवॅक्स करून डिस्टिल्ड वॉटरपर्यंत आणा. वर्किंगमध्ये ५६ अंशांवर ३ तास किंवा ३७ अंशांवर रात्रभर ठेवा. आपल्याकडे रात्री लाइट जाते तेव्हा इन्क्युबेटर थंड होतो आणि सकाळी कंट्रोलसुद्धा फिका निघतो. त्यामुळे दिवसा ५६ अंशांवर तीन तास हेच बरे. बरणीला झाकण हवे, नाहीतर अल्कोहोल उडून स्लाइडवर लालसर सुया जमतात. नंतर डिस्टिल्ड वॉटरमध्ये तीन-चार वेळा धुवा, हिमॅटॉक्सिलिन अगदी हलके द्या, बोरॅक्सच्या पाण्यातून चटकन काढा, डीहायड्रेट करून माउंट करा. हिमॅटॉक्सिलिन गडद झाले की बारीक कण त्याखाली दडतात. कॉपर तांबूस-लाल ते विटकरी कण म्हणून दिसते. काही माउंटंटखाली रंग महिन्याभरात उतरतो, म्हणून फोटो त्याच दिवशी काढून ठेवा.

तीन ठिकाणी फसगत होते. पहिली फॉर्मॅलिनची. बफर नसलेले फॉर्मॅलिन आंबट होते आणि आंबट फॉर्मॅलिनमध्ये कॉपर ऊतीतून निघून जाते. बूआं फिक्सेटिव्हमध्येही तसेच होते. खेड्यातून वडापने येणाऱ्या बाटल्यांत बहुतेक वेळा विहिरीच्या किंवा नळाच्या पाण्यात कालवलेले फॉर्मॅलिन असते. ऑपरेशन थिएटरला आधीच बाटल्या भरून द्या: फॉर्मॅलिन १०० मिली, डिस्टिल्ड वॉटर ९०० मिली, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ४ ग्रॅम, निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम. सुईच्या तुकड्याला २० मिली पुरते. तुकडा आधी फिल्टर पेपरच्या पट्टीवर सरळ ठेवून मग बाटलीत सोडा, म्हणजे गुंडाळी होत नाही. गॉजवर ठेवू नका, सलाइनमध्ये तर अजिबात नको.

दुसरी फसगत पाण्याची. जुन्या डिस्टिलेशन प्लँटची कॉइल तांब्याची असेल किंवा पाणी तांब्याच्या भांड्यात साठवलेले असेल तर स्लाइडभर लाल कण येतात. ते ओळखायची खूण अशी: फाइन फोकस हलवा. खरे कण लिव्हर सेलच्या सायटोप्लाझमच्या पातळीत असतात. बाहेरून आलेले वरच्या पातळीत तरंगतात आणि ऊत नसलेल्या काचेवरही सापडतात.

तिसरी कंट्रोलची. कंट्रोलशिवाय निगेटिव्ह रोडॅनिनला काही अर्थ नाही. विल्सनचे (कॉपर साठण्याचा आनुवंशिक आजार) लिव्हर मिळाले तर उत्तम, नाहीतर जुन्या कोलेस्टॅसिसचे (पित्त तुंबण्याचे), ज्यात कॉपर नक्की दिसले आहे असा ब्लॉक जपून ठेवा.

ऑर्सिन हा दुसरा पर्याय. तो कॉपर नव्हे, कॉपरला धरून ठेवणारे प्रोटीन गडद तपकिरी कणांत दाखवतो. आधी सल्फ्युरिक अॅसिड घातलेल्या ताज्या परमँगनेटने ऑक्सिडेशन, मग ऑक्झॅलिक अॅसिडने सेक्शन पांढरे होईपर्यंत ब्लीच, मग १ टक्का ऑर्सिन ७० टक्के अल्कोहोलमध्ये, त्यात १०० मिलीला १ मिली तीव्र हायड्रोक्लोरिक अॅसिड. ऑर्सिनची बाटली बदलली की वेळ पुन्हा बसवावी लागते, कारण बॅचगणिक फरक खूप असतो. नैसर्गिक ऑर्सिन मिळाले तर तेच घ्या. त्याच स्लाइडवर हिपॅटायटिस बीचे सरफेस अँटिजेन असलेले सेलही रंगतात आणि इलॅस्टिक तंतूही. एका सेक्शनमध्ये तीन माहित्या, म्हणून माल कमी असला तर मी ऑर्सिन सोडत नाही.

---

टिळकवाडी_पॅथ

इलॅस्टिक तंतूंचा मुद्दा निपाणीकरांनी चांगला काढला. एआयएच एकदम जोरात येतो तेव्हा लिव्हर सेल मरून जाळे कोसळते आणि ट्रायक्रोमवर ते निळे पट्टे सिऱ्होसिससारखे वाटतात. ताज्या कोसळलेल्या पट्ट्यात इलॅस्टिक तंतू नसतात, म्हणून ऑर्सिन तिथे कोरा राहतो. जुन्या फायब्रोसिसमध्ये तंतू तयार झालेले असतात, ते तपकिरी दिसतात. काल-परवाचा आजार आणि वर्षानुवर्षांचा आजार यांतला हा फरक उपचार करणाऱ्याला फार मोलाचा असतो.

कॉपरबद्दल एक सावधगिरी. काही दिवसांच्या कावीळीत कॉपर साठत नाही, त्याला पित्त दीर्घकाळ तुंबावे लागते. ट्रॅक्टलगत कॉपर असणे हे जुन्या नलिकाविकाराचे चिन्ह. एआयएचमध्ये सिऱ्होसिस होईपर्यंत ते बहुधा नसते किंवा नाममात्र असते. मात्र रुग्ण तरुण असेल तर विल्सन हुबेहूब एआयएचसारखा दिसू शकतो, आणि विल्सनच्या सुरुवातीला कॉपर सायटोप्लाझमभर पसरलेले असल्याने रोडॅनिन निगेटिव्ह येऊ शकतो. तिथे स्टेनवर थांबायचे नाही, सेरुलोप्लाझ्मिन (रक्तातले कॉपरवाहक प्रोटीन) आणि लघवीतले कॉपर करून घ्यायचे.

---

इम्युनो_खानापूर

मॅडम, तुमच्या केसमध्ये मला सर्वांत जास्त खटकला तो "एएमए वीक पॉझिटिव्ह" हा शब्द. टायटर (किती पातळ सीरमपर्यंत पॉझिटिव्ह) नाही, पद्धत नाही. ही तपासणी उंदराच्या लिव्हर, किडनी आणि जठराच्या एकत्र सेक्शनवर पुन्हा करून घ्या. रुग्णाचा सीरम १:४०ला लावायचा आणि तिन्ही ऊती एकाच स्लाइडवर शेजारी शेजारी बघायच्या. एकच ऊत बघून रिपोर्ट देणे हेच बहुतेक घोटाळ्यांचे मूळ.

एएमए असेल तर किडनीच्या सगळ्याच नळ्या कणीदार चमकतात, पण डिस्टल (शेवटाकडच्या) नळ्या जास्त, कारण त्यांत मायटोकाँड्रिया ठासून भरलेले असतात. जठरात पराइटल सेल (अॅसिड बनवणारे) लख्ख पेटतात. लिव्हर तुलनेने फिके, कणीदार. याउलट एलकेएम१मध्ये (लिव्हर-किडनी मायक्रोसोमविरुद्धची अँटिबॉडी) लिव्हर सेलचे सायटोप्लाझम एकसारखे झळकते, किडनीत प्रॉक्झिमल (सुरुवातीच्या) नळ्या चमकतात, डिस्टल काळ्या राहतात आणि जठर कोरे. या दोघांची गल्लत सर्रास होते. टाइप-२ (एलकेएम१वाल्या) एआयएचच्या मुलाला पीबीसीचे लेबल लागते ते इथेच. तिसरी गल्लत पराइटल सेल अँटिबॉडीची: जठर चमकते, पण किडनी आणि लिव्हर दोन्ही कोरी. नुसते जठर बघणारा त्याला एएमए म्हणून मोकळा होतो.

किडनीचा काप कॉर्टेक्सपासून आतपर्यंत असा असला पाहिजे की प्रॉक्झिमल आणि डिस्टल दोन्ही नळ्या एकाच फील्डमध्ये येतील. काही किटमध्ये नुसता कॉर्टेक्सचा कोपरा असतो. तसली लॉट परत करा.

एसएमएसुद्धा याच स्लाइडवर वाचा. फक्त रक्तवाहिन्यांची भिंत चमकत असेल तर तो व्ही पॅटर्न, इतर कितीतरी आजारांत येतो. त्याबरोबर ग्लोमेरुलस (किडनीतली गाळणी) आणि नळ्यांभोवतीचे तंतूही चमकले, म्हणजे व्हीजी किंवा व्हीजीटी, तर तो अॅक्टिनविरुद्धचा आणि एआयएचला वजन देणारा. रिपोर्टमध्ये पॅटर्न लिहून मागा.

स्लाइड फ्रीजमधून काढली की पाकीट न फोडता खोलीच्या तापमानाला येऊ द्या. खानापुरात जून ते सप्टेंबर हवेत इतका दमटपणा असतो की गार स्लाइडवर क्षणात दव धरते, विहिरींतले सीरम एकमेकांत मिसळतात आणि शेजारच्या रुग्णाचा पॉझिटिव्ह आपल्या रुग्णाकडे येतो.

---

हिस्टो_टेक_निपाणी

आता सीडी१३८ बद्दल. तुमच्या स्टेनमध्ये चूक काही नाही, अँटिबॉडीची निवड चुकली. सीडी१३८ म्हणजे सिंडिकॅन-१. तो प्लाझ्मा सेलवर असतो तसाच लिव्हर सेलच्या पडद्यावर आणि नलिकांच्या अस्तरावरही असतो. लिव्हरमध्ये तो लावला की सगळीकडे जाळी रंगणारच. इथे एमयूएम१ घ्या. तो केंद्रकात रंगतो, लिव्हर सेल कोरे राहतात आणि मोजणी स्वच्छ होते. काही टी-सेलही त्यात फिके रंगतात, ते सोडून द्यायचे.

लिव्हरवर इम्युनो करताना आणखी काही गोष्टी सांभाळा. लिव्हरमध्ये स्वतःचे बायोटिन खच्चून असते, त्यामुळे अॅव्हिडिन-बायोटिन किट लावली तर अँटिबॉडी न घालताही तपकिरी येते. बायोटिन नसलेली पॉलिमर किटच वापरा. पेरॉक्सिडेजसाठी ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड दहा मिनिटे. लिपोफ्युसिन आणि पित्ताचा रंग दोन्ही डीएबी या रंग देणाऱ्या द्रव्याच्या (क्रोमोजेनच्या) तपकिरीत मिसळतात. म्हणून प्रत्येक केसबरोबर प्रायमरी अँटिबॉडी न घातलेली एक स्लाइड चालवा आणि ती शेजारी ठेवूनच वाचा. कोलेस्टॅसिस जास्त असेल तर लाल क्रोमोजेन घ्या, प्रश्न मिटतो.

रीट्रीव्हलला (फॉर्मॅलिनने झाकलेले अँटिजेन उष्णतेने उघडे करायला) ट्रिस-ईडीटीए, पीएच ९: एक लिटरला ट्रिस १.२१ ग्रॅम, डायसोडियम ईडीटीए ०.३७ ग्रॅम, ट्वीन-२० अर्धा मिली. आणि प्रेशर कुकर वापरा. बेळगाव साधारण साडेसातशे मीटर उंचीवर आहे, इथे उघड्या भांड्यात पाणी ९७-९८ अंशांनाच उकळते. पुस्तकातले "९८ ते १०० अंशांवर वीस मिनिटे" इथल्या वॉटर बाथमध्ये गाठताच येत नाही, आणि मग दोष अँटिबॉडीला दिला जातो. कुकरमध्ये बारीक तुकडा सुटून तरंगू नये म्हणून चार्ज्ड स्लाइड ६० अंशांवर तासभर आधी भाजून घ्या.

---

चिकोडी_स्लाइड

सर्वांचे मनापासून आभार. एका बैठकीत सेक्शन घेतले आणि क्रमही तोच ठेवला. निकाल असे.

लिव्हर-किडनी-जठर स्लाइडवर एएमए १:१६०, डिस्टल नळ्या आणि पराइटल सेल दोन्ही लख्ख. एसएमए निगेटिव्ह. एएनएत विखुरलेले ठिपके. झील-नील्सन निगेटिव्ह. रोडॅनिन दोन ट्रॅक्टच्या कडेला स्पष्ट कण, कंट्रोल चांगला आला. सीके७वर नऊपैकी सात ट्रॅक्टमध्ये पॉझिटिव्ह रचना दिसतात, म्हणजे नलिका बऱ्यापैकी शाबूत आहेत असे वाटते. ट्रॅक्टच्या कडेचे काही लिव्हर सेलही पॉझिटिव्ह. आयजीजी आणि आयजीएम लावले, पण मागची जमीन इतकी तपकिरी आहे की मोजता येत नाही.

---

टिळकवाडी_पॅथ

सीके७ची ती स्लाइड पुन्हा चाळीसच्या ऑब्जेक्टिव्हवर लावा आणि त्या सातही ट्रॅक्टना एकेक करून विचारा: आर्टरी कुठे आहे? तिच्याजवळ तिच्याएवढी, छिद्र असलेली रचना आहे का? की पॉझिटिव्ह जे आहे ते फक्त काठावर आहे? कडेचे लिव्हर सेल पॉझिटिव्ह आणि कॉपरही पॉझिटिव्ह असताना नलिका "बऱ्यापैकी शाबूत" असणे मनाला पटत नाही.

---

चिकोडी_स्लाइड

सर, बरोबर. तीन ट्रॅक्टमध्ये फक्त काठावरच्या बिनछिद्राच्या दोऱ्या आहेत, आर्टरीजवळ काही नाही. खरी नलिका नऊपैकी चारांतच. एका नलिकेच्या बाजूला तो ग्रॅन्युलोमा सीके७मुळे स्पष्ट झाला: नलिकेची भिंत एका बाजूने तुटली आहे आणि पुंजका नेमका त्या भगदाडाला टेकून आहे.

---

टिळकवाडी_पॅथ

मग ती फ्लॉरिड डक्ट लिजन (दाहाने फुटलेली नलिका, पीबीसीची खास खूण) आहे. फॉस्फटेज दुपटीहून वर, एएमए खरा, जखमी नलिका हातात: पीबीसीच्या निदानात आता शंका नाही. नऊपैकी पाच ट्रॅक्ट रिकामे, हा आकडा तसाच लिहा.

राहिला प्रश्न, सोबत एआयएचही आहे का. ओव्हरलॅपसाठी १९९८चे पॅरिस निकष धरले तर एआयएचच्या बाजूच्या तीनपैकी दोन गोष्टी लागतात: एएलटी पाचपटीहून वर, आयजीजी दुपटीहून वर किंवा एसएमए पॉझिटिव्ह, आणि मध्यम ते तीव्र इंटरफेस हिपॅटायटिस. तुमच्याकडे एएलटी काठावर पार होतो, आयजीजी होत नाही, एसएमए नाही. म्हणजे सगळा भार इंटरफेस हिपॅटायटिस या एका निरीक्षणावर आला. पीबीसीतही ट्रॅक्टची कड खाल्ली जाते. पण पित्तामुळे खाल्लेल्या कडेला डक्ट्युलर रिअॅक्शन, न्यूट्रोफिल, फुगलेले फिके लिव्हर सेल आणि कॉपर असते. एआयएचच्या कडेला लिम्फोसाइट आणि प्लाझ्मा सेलचे जथे लिव्हर सेलना वेढून आत शिरतात. सीके७ आणि एच-ई शेजारी ठेवून प्रत्येक ट्रॅक्टची कड कोणत्या प्रकारची आहे ते मोजा. बहुतेक ठिकाणी दुसऱ्या प्रकारची असेल तरच "मध्यम" लिहा.

रोझेट (फुलासारख्या गोलात मांडलेले लिव्हर सेल) आणि एम्पेरिपोलेसिस (लिव्हर सेलच्या आत शिरलेला लिम्फोसाइट) दिसले म्हणून एआयएच म्हणू नका. एआयएचच्या २००८च्या सोप्या निकषांत त्यांना मान होता. २०२२मध्ये पॅथॉलॉजिस्टांच्या आंतरराष्ट्रीय गटाने एकमताने सांगितले की ती तीव्र इजेची खूण आहे, एआयएचची खास नाही.

चौथ्या प्रश्नाचे उत्तर: एआयएचमध्ये आयजीजीवाले प्लाझ्मा सेल जास्त, पीबीसीत आयजीएमवाले आयजीजीच्या बरोबरीने किंवा जास्त, हे ढोबळमानाने खरे आहे. सर्वांत दाट तीन फील्ड चाळीसच्या ऑब्जेक्टिव्हने मोजा. पण याला साक्षीदार समजा, न्यायाधीश नव्हे. एएमए निगेटिव्ह असलेल्या संशयित पीबीसीत ही साक्ष फार उपयोगी पडते. स्टेरॉइड सुरू झाल्यावर घेतलेल्या बायोप्सीत प्लाझ्मा सेल ओसरलेले असतात, तिथे ती निरुपयोगी. तसेच आयजीजी४वाले प्लाझ्मा सेल (आयजीजी४चा आजार नलिकाही बिघडवतो): बायोप्सीत प्रत्येक मोठ्या फील्डमध्ये दहाहून जास्त आणि आयजीजीच्या ४० टक्क्यांहून वर असले, शिवाय भोवऱ्यासारखे फायब्रोसिस किंवा बुजलेल्या शिरा असल्या, तरच त्या आजाराबद्दल बोला. नुसत्या आकड्यावर पीएससीचा रुग्णही तिकडे ढकलला जातो. पीएससीसाठी सुईचा तुकडा मुळात दुबळा आहे. कांद्याच्या पापुद्र्यासारखे फायब्रोसिस थोड्याच बायोप्सींत सापडते, त्यासाठी एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय). एमआरसीपी स्वच्छ असूनही शंका उरली, म्हणजे लहान नलिकांचा पीएससी, तेव्हाच बायोप्सी कामाला येते.

---

पोटविकार_बेळगाव

एक विनंती. विनंतीपत्रावर औषधांचा इतिहास नसेल तर फोन करून मागा. नायट्रोफ्युरँटॉइन, मिनोसायक्लिन, आयसोनियाझिड यांनी होणारी इजा स्लाइडवर एआयएचसारखीच दिसते. गुळवेलीच्या काढ्यानंतर एआयएचसारखा हिपॅटायटिस झाल्याच्या केस २०२१मध्ये मुंबईतून प्रसिद्ध झाल्या आहेत. आपल्या सीमाभागात "गुळवेल घेता का?" एवढे विचारून भागत नाही. कन्नड घरात तिला अमृतबळ्ळी म्हणतात. दोन्ही नावे घेतली तरच "हो" येते. आणि स्टेरॉइड सुरू करण्याआधीच बायोप्सी घ्यावी, हे आमच्या बाजूचे काम, ते आम्ही पाळले पाहिजे.

---

हिस्टो_टेक_निपाणी

मॅडम, आयजीजी-आयजीएमची तपकिरी जमीन सीरममुळे येते. फिक्स होताना ऊतीतले सीरमचे इम्युनोग्लोब्युलिन तिथेच चिकटते आणि अँटिबॉडी त्यालाही रंगवते. पॉलिक्लोनल अँटिबॉडी असेल तर कंपनीच्या सुचवलेल्या डायल्युशनपेक्षा आणखी पातळ करत जा, टॉन्सिलच्या कंट्रोलवर दुप्पट-दुप्पट करून, प्लाझ्मा सेल गडद आणि जमीन फिकी राहील तिथे थांबा. रीट्रीव्हल कमी पडले तरी जमीन वर येते, कुकरमध्ये वेळ थोडा वाढवून बघा. मोजताना ज्या सेलचे सायटोप्लाझम भरीव गडद आहे आणि केंद्रक एका बाजूला आहे तोच धरा; नुसती कड रंगलेला सोडा. आणि आयजीजी, आयजीएम, एमयूएम१ हे तिन्ही सलग क्रमांकाच्या स्लाइडवर लावा, म्हणजे तोच ट्रॅक्ट तिन्हीकडे सापडतो. तुमच्या १४ पैकी ८, ९, १० शिल्लक असतील तर त्याच घ्या, ब्लॉक पुन्हा लावू नका.

---

चिकोडी_स्लाइड

८, ९, १० शिल्लक आहेत. टॉन्सिलवर डायल्युशन बसवून मगच लावते. कडांची मोजणी झाली: नऊपैकी सहा ट्रॅक्टची कड लिम्फोसाइट आणि प्लाझ्मा सेलनी खाल्लेली, तीन ठिकाणी पित्ताची. रिपोर्टमध्ये पीबीसी, नऊपैकी चार ट्रॅक्टमध्ये नलिका, मध्यम इंटरफेस हिपॅटायटिस आणि ओव्हरलॅपची शक्यता, असे आकड्यांसह लिहिते. गुळवेलीचे दोन्ही नावांनी विचारायला सांगितले आहे.